नदीचा अभ्यास करून पोट भरतं का?

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. एका नदीफेरीला जाऊन आली तेव्हापासून 'मला नद्यांचंच काम करायचंय' असा हट्ट धरलाय. तिचे बाबा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवर ठाम आहेत. यात खरंच काही करिअर असतं का? – एक आई

ताई, असतं. पण 'नद्यांचं काम' हा एक विषय नाही, आणि मुलं नेमकी तिथेच अडखळतात.

तुमच्या घराजवळची मुठाच बघा. मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत अशी धरणं, आणि या तिन्हींचं पाणी येतं खडकवासला धरणात. तिथून ते कालव्यात आणि आपल्या नळात जातं. मग मे महिन्यात विठ्ठलवाडीच्या पुढे पात्रात वाहतं काय? बहुतेक आपलंच सांडपाणी. तिकडे मुळेचं पाणी मुळशी धरणातून घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. उरलेली मुळा दापोडीला पवनेला घेते, संगमाला मुठेला भेटते, पुढे भीमेतून हे सगळं सोलापूरकडच्या उजनी धरणात जाऊन साठतं. म्हणजे आपण टाकलेल्याचा हिशेब सोलापूरकर चुकते करतात.

आता लेकीला विचारा, यातलं तिला काय छळतं? पाणी किती आलं आणि पूर कुठवर चढेल हे असेल, तर सिव्हिल आणि पुढे जलविज्ञान. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, भेगांतून झरे कसे वाहतात हे असेल, तर भूगर्भशास्त्र. पाण्यात काय मिसळलंय, हे असेल तर रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. हे पाणी कोणी कोणाच्या वाट्याचं घेतलं, हा प्रश्न असेल तर तिला प्रयोगशाळेत कोंडू नका, तो कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा रस्ता आहे.

मी एकदा काही विद्यार्थ्यांबरोबर पुलाखाली नमुने घ्यायला गेलो होतो. बाटलीत नदीचं पाणी काठोकाठ भरायचं, त्यात दोन रसायनं सोडायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. आमच्या बाटलीत तो पांढराफटक राहिला. नाकाला रुमाल लावून उभी असलेली एक मुलगी रुमाल विसरून पुढे आली आणि म्हणाली, 'सर, वरच्या पुलावरचं पाणी पण बघू या ना.' अशी मुलं या कामात टिकतात. नदीचे नुसते फोटो काढणारी सहसा टिकत नाहीत.

माझं स्पष्ट मत, काहींना पटत नाही : अठराव्या वर्षी थेट 'पर्यावरण'ची पदवी घेऊ नये. सगळ्याचं थोडं थोडं कळतं, हात कशातच बसत नाही. आधी रसायन, भूगर्भ किंवा सिव्हिल पक्कं करावं, पर्यावरण एमएस्सी-एमटेकला. भूगर्भवाल्यांना एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, आणि एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेटमध्ये २०२१पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे.

नोकऱ्या? भूजल सर्वेक्षण यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, खडकवासल्याचं १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था. सरकारी जाहिराती वेळेवर निघत नाहीत, सुरुवातीचा पगार आयटीतल्या चुलतभावापेक्षा कमी असतो. हे आत्ताच घरात बोलून घ्या, तिसऱ्या वर्षाला नको.

बाबांना सांगा, कॉम्प्युटर सुटत नाही. उपग्रहाची चित्रं वाचणं, पुराचं गणित मांडणं, नकाशे करणं हे सगळं त्यावरच चालतं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत दोघांनी बसून शिकावं.

फॉर्म भरायच्या आधी एक काम मात्र करून घ्या. तिला जवळचा एखादा ओढा निवडू दे. कात्रजहून येणारा आंबिल ओढा चालेल, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याने काय केलं ते तुम्हाला आठवत असेल. दर रविवारी त्याच वेळी, त्याच पुलावरून बघायचं : पाणी किती चढलंय, रंग, वास, फेस. दहा मिनिटं, अर्धं पान. पाण्यात उतरायचं नाही, सोबत कोणीतरी हवं, आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. वही भरत गेली तर ती घेऊन मला भेटायला या, बाबांनाही आणा. चार रविवारांत कंटाळली तर कॉम्प्युटरचा फॉर्म भरून टाका, मी काही बोलणार नाही.