सिंगापूर की जेबी? जेवणाच्या काळजीचा प्रश्न

तुम्ही विचारलंत की नोकरी सिंगापूरला मिळतेय, पण तिथे काहीच पिकत नाही; मग मुलांना घेऊन कॉजवेपलीकडे (सिंगापूर-मलेशिया जोडणाऱ्या पुलापलीकडे), मलेशियातल्या जोहोर बाहरूला, म्हणजे जेबीला राहिलं तर जास्त सुरक्षित नाही का? अकरा वर्षं सिंगापुरात काढून माझं उत्तर आहे: नाही.

तुमची भीती खोटी नाही. सिंगापूर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं. २०३०पर्यंत तीस टक्के गरज इथेच भागवायचं उद्दिष्ट होतं, तेही २०२५मध्ये गुंडाळलं. पण पुरवठा तुटतो तेव्हा काय होतं, ते मी दोनदा पाहिलंय.

देशातच कोंबड्या कमी पडतात म्हणून मलेशियाने १ जून २०२२पासून निर्यात थांबवली. महिन्याला ३६ लाख कोंबड्या. इथल्या एकूण चिकनचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आमच्या खालच्या वेट मार्केटातल्या (ताज्या भाजी-मांस-मासळीच्या बाजारातल्या) चिकनवाल्याने आदल्या दुपारीच ओटा घासून धुतला आणि शटर ओढलं. त्याचा तो रिकामा, ओला ओटा अजून डोळ्यांसमोर आहे. पण सुपरमार्केटात ब्राझीलचं फ्रोझन चिकन होतंच. ताजं मिळेना, उपाशी कुणी राहिलं नाही. ऑक्टोबरात बंदी उठली.

दुसरी वेळ तांदळाची. जुलै २०२३मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. लिटल इंडियात आपली माणसं पोती उचलायला धावली, मीही गेले. पण इथे आयातदारांना दोन महिन्यांचा साठा ठेवावाच लागतो, शिवाय थायलंड-व्हिएतनामचा तांदूळ येत होताच. त्याच सुमारास मलेशियात काय झालं बघा. सप्टेंबरात आयात तांदूळ ३६ टक्क्यांनी महागला. स्थानिक तांदळाचा भाव सरकारने किलोला २ रिंगिट ६० सेनवर बांधलेला, त्यामुळे सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि तो दुकानांतून गायब झाला. जेबीतली मैत्रीण तीन दुकानं फिरून रिकाम्या हाताने परतली. भात पिकवणाऱ्या देशात!

तिकडे भाजी, फळं, अंडी स्वस्त आहेत, हे मान्य. पगार सिंगापूर डॉलरमध्ये असेल तर चंगळच. पण मार्च २०२० विसरू नका. १६ तारखेच्या रात्री मलेशियाने लॉकडाऊन जाहीर केलं, १८पासून लागू. मधल्या एका दिवसात रोज ये-जा करणाऱ्या हजारो लोकांना ठरवावं लागलं की राहायचं कुठल्या बाजूला. भाजीचे ट्रक पुलावरून चालूच राहिले, अडकली ती माणसं. कित्येकांनी मुलांना वर्षभराहून जास्त काळ फक्त फोनवर पाहिलं. तुमची मुलं लहान आहेत, म्हणून हे कळकळीने सांगते.

तेव्हा घर इकडेच घ्या, शक्यतो खाली वेट मार्केट असलेल्या ब्लॉकमध्ये. जेवणखर्चाला पगारातून सढळ रक्कम धरा, कारण इथे टंचाई आली तरी ती बहुतेक वेळा भावातूनच जाणवते. तांदूळ-डाळ पंधरा दिवसांची घरात असू द्या. जेबीला शनिवार-रविवारी जरूर जा, फक्त मांस, अंडी आणायचे नियम आधी बघून घ्या.