दोन खोटे अलार्म झाले. तिसरा कसा टाळावा?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. घरातला चोरीचा अलार्म देखरेख केंद्राशी जोडलेला आहे. सासू-सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. एकदा सासरे फिरून परतताना मागच्या दाराने आत आले, तर एकदा सासूबाई पहाटे पाच वाजता पाणी प्यायला खाली उतरल्या. दोन्ही वेळा पोलीस दारात हजर झाले. आता पत्र आले आहे की आणखी एक खोटा कॉल गेल्यास पोलीस येणे बंद होईल. अलार्म लावणेच सोडून द्यावे का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : अलार्म लावणे कृपया सोडू नका. पत्र वाचून धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपण लिहिलेले दोन्ही प्रसंग यंत्राच्या बिघाडाचे नसून, पाहुण्यांना यंत्राची रीत कोणी समजावून न दिल्यामुळे घडलेले आहेत आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे आहेत.

ब्रिटनच्या राष्ट्रीय पोलीसप्रमुख परिषदेच्या धोरणानुसार, मान्यताप्राप्त कंपनीने बसवलेल्या व देखरेख केंद्राशी जोडलेल्या अलार्मला पोलिसांकडून यूआरएन हा स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाच्या आधारे केंद्राने कळवताच पोलीस तातडीने निघतात. १२ महिन्यांत तीन खोटे कॉल गेले की ही सोय काढून घेतली जाते. हे १२ महिने जानेवारी ते डिसेंबर असे धरायचे नसतात, तर ते दिवसागणिक पुढे सरकतात. त्यामुळे पहिल्या कॉलची तारीख शोधून ठेवा, कारण त्या तारखेला वर्ष पूर्ण झाले की तो कॉल हिशेबातून गळतो.

एकच सेन्सर वाजला तर केंद्र सहसा पोलिसांना कळवत नाही. ठरावीक वेळेत दुसऱ्या, स्वतंत्र सेन्सरनेही हालचाल टिपली तरच घुसखोरी पक्की धरली जाते. आता सासऱ्यांची वाट डोळ्यांसमोर आणा : मागचे दार उघडून ते स्वयंपाकघरात शिरले, तिथला सेन्सर जागा झाला, आणि अलार्म बंद करण्यासाठी ते घाईघाईने पुढच्या दाराजवळच्या कीपॅडकडे निघाले तेव्हा वाटेतल्या सेन्सरनेही त्यांना पाहिले. चोर नेमका असाच चालतो. पुढच्या दाराने आले असते तर कोड दाबायला यंत्राने अवधी दिला असता, कारण घरात येण्याची ठरलेली वाट तीच आहे. सासूबाईंच्या बाबतीतही जिना आणि स्वयंपाकघर अशी दोन सेन्सरची जोडी जमली असणार.

म्हणून मागच्या दाराची किल्ली त्यांच्या जुडग्यातून काढून घ्या आणि पुढच्या दाराच्या किल्लीला अलार्मचा फॉब (कोडऐवजी वापरायची छोटी इलेक्ट्रॉनिक चकती) अडकवून द्या. वडीलधाऱ्यांना घाईत आकडे आठवत नाहीत, फॉब मात्र नुसता टेकवला की काम होते. रात्रीच्या सेटिंगमधून जिना व स्वयंपाकघर वगळून फक्त बाहेरची दारे-खिडक्या जागत्या ठेवता येतील का, हे कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून ठरवा. मग दोघांना सोबत घेऊन, केंद्राला आधी फोन करून व यंत्रणा चाचणीवर ठेवून, अलार्म लावण्या-काढण्याचा दोन-तीन वेळा खराखुरा सराव करा. माझ्या अनुभवात या अर्ध्या तासाइतका उपयोग महागड्या सेन्सरचाही होत नाही.

दिवाळी जवळ आली असेल तर आणखी एक गोष्ट. हे सेन्सर उष्णतेची हालचाल टिपतात. रेडिएटरच्या गरम हवेवर हलणारा आकाशकंदील किंवा वाढदिवसाचा तरंगता फुगा त्यांच्यासमोर नको. सेन्सरच्या काचेवर कोळी बसला तरी अलार्म वाजू शकतो, तेव्हा तिथली जाळी काढत राहा.

चुकून वाजलाच तर घाबरून घराबाहेर पळू नये. अलार्म बंद करावा आणि लगेच केंद्राला फोन करून ठरलेला संकेतशब्द सांगावा, म्हणजे कॉल पुढे जाण्याआधी थांबण्याची शक्यता राहते. हा शब्द सासू-सासऱ्यांनाही पाठ हवा. शक्य असल्यास तो मराठीच ठेवा. ज्यांची नावे किल्लीधारक म्हणून, म्हणजे अलार्म वाजल्यावर घरी बोलावण्यासाठी, दिली आहेत, त्यांना निरोप मिळाल्यापासून २० मिनिटांत घरी पोहोचता आले पाहिजे आणि अलार्म हाताळता आला पाहिजे. दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राचे नाव दिले असेल तर ते आजच बदला.

एवढे करूनही तिसरा कॉल गेला, तर कंपनीकडून दोष दूर करून घेऊन, खोट्या कॉलविना तीन महिने काढल्यावर प्रतिसाद पुन्हा मागता येतो. मधल्या काळात मात्र विमा कंपनीला लेखी कळवायला विसरू नका, कारण घरात दागिने असताना पोलीस प्रतिसाद ही पॉलिसीची अट असू शकते.