काकांचं गॅरेज : येझदी कापायची का?

प्रश्न : काका नमस्कार, आमच्याकडे बाबांची 1986 ची येझदी आहे. बाबा गेल्यापासून, म्हणजे 14 वर्षं झाली, ती मागच्या पत्र्याच्या शेडमधे उभीये. किक हलतच नाही, पूर्ण जाम. मला ती घरीच खोलून कॅफे रेसर करायचीये, मागची चेसिस कापून छोटी सीट, खाली हँडल, सरळ पाईप. व्हिडिओ भरपूर बघितलेत, ग्राइंडर पण आणलाय. आई म्हणते भंगारवाल्याला देऊन टाक नाहीतर आहे तशी राहू दे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : अरे भिया, सुरुवात ग्राइंडर शेजाऱ्याकडे ठेवायला देण्यापासून कर. खरंच सांगतोय. आपल्या इंदुरात अर्ध्या कापलेल्या किती येझद्या पडून आहेत ते सियागंजच्या मागच्या गल्ल्यांतून एक चक्कर मार म्हणजे दिसेल, सगळ्यांची सुरुवात अशीच जोशात झालेली असते आणि मग इंजिन काही चालू होत नाही. आधी गाडी आहे तशी चालू कर, महिनाभर चालव, मग काय बदलायचं ते ठरव.

आता जाम इंजिन. किकवर उभा राहून उड्या मारू नकोस, तुला माहीतच असेल की येझदीत गिअरचाच लिव्हर आत दाबून वर फिरवला की किक होते, तो एकदा आतून घासला की काम वाढतं. प्लग काढ, त्या भोकातून डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल ओत आणि आठवडाभर विसरून जा. मग गाडी वरच्या गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे, हळूहळू. सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर हेड काढून बघ, पण पिस्टनवर हातोडी मारायची नाही, लाकडाचा ठोकळा ठेवून सुद्धा नाही (हा ठोकळेवाला सल्ला तुला दहा जण देतील).

सुटलं म्हणून लगेच पेट्रोल टाकून पळवू नकोस. इतकी वर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे रबरी सील कडक झालेले असतात. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमधे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर आधी क्रँककेसमधे, म्हणजे पिस्टनच्या खालच्या डब्यात येतं, तिथून सिलिंडरला जातं, म्हणजे सील गळलं की बाहेरची हवा आत, मिक्श्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमधे अडकून बसतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि धूर थांबतच नाही, लोक बिचारे कार्बोरेटर साफ करत बसतात. सील स्वस्त असतात पण तिथपर्यंत पोचायला इंजिन खोलावं लागतं, त्यामुळे एकदा खोललंच आहे तर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, पण तपासून घे. मॅग्नेटोला पुलर लावूनच काढ, छिन्नीने नाही. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आणि नट-बोल्ट दुधाच्या रिकाम्या थैल्या धुवून त्यात, वर चिठ्ठी. कंटाळवाणं आहे, पण दोन महिन्यांनी "हा वॉशर कुठला" म्हणून रात्री पंख्याकडे बघत पडशील तेव्हा माझी आठवण येईल.

सिलिंडर बोर करायला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, लेथवाल्याकडे देशील तेव्हा त्याला पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा मोडायला सांग, नुसता बोर आणि होनिंग करून आणू नकोस. बोर केला की पोर्टची धार सुरीसारखी होते आणि रिंग तिथे अडकते. माझ्या पहिल्या गाडीला हे सांगायचं राहिलं आणि राऊच्या अलीकडे रिंगचे तुकडे झाले, नवा पिस्टन, नवा बोर, सगळं गेलं, वर गाडी ढकलत आणली ती वेगळी. पिस्टनवरचा बाण बघून बसव, आणि रिंगचं तोंड खाचेतल्या पिनेवरच आलं पाहिजे, मग ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, वरून उतरव.

पेट्रोलमधे ऑइल हातानेच मिसळायचंय, येझदीला ऑइल पंप नसतो. नव्या बोरला लिटरला 50 मिली, नंतर 40. पहिले 500 किलोमीटर खेचायची नाही, डबलसीट नाही. आणि हल्ली पंपावरच्या पेट्रोलमधे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं, म्हणून नळी, टाकीच्या कॉकचे रबर सगळं नवं टाक आणि टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवू नकोस. टाकी गंजली असेल तर व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून हलव, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळव.

आता कापाकापी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मधे सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. रंग बदलता येतो, आरसीवर नोंद करून. तुझी अडचण तर त्याच्याही आधीची आहे, गाडी अजून बाबांच्या नावावर असणार, म्हणजे आधी फॉर्म 31 ने तुझ्या नावावर, आणि रजिस्ट्रेशनची 15 वर्षं कधीच होऊन गेलीत म्हणून फॉर्म 25 ने रजिस्ट्रेशन रिन्यू, ते पुढे दर 5 वर्षांनी. आरटीओत गाडी दाखवावी लागते. तिथे कापलेली चेसिस घेऊन कुठे उभा राहणार?

सरळ पाईपचं म्हणशील तर टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनचाच भाग समज. त्यातून परत येणारी लाट बाहेर निसटणारं ताजं मिक्श्चर सिलिंडरमधे ढकलते. पाईप काढलास की आवाज वाढतो आणि गाडी मरते. करायचंच तर बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल एवढंच कर, आणि निघालेला मूळ पार्ट तेल लावून, कापडात गुंडाळून ठेव. टाकीवरचा बाबांच्या वेळचा रंग बरा असेल तर नुसतं पॉलिश करून बघ आधी. आईला दाखव मग ठरव.

प्रश्न : मला जुनी आरएक्स 100 घेऊन स्वतः बनवायचीये. मुलगी बघितली की विकणारा इंजिनबद्दल काही सांगतच नाही, नुसता "चकाचक आहे मॅडम". काय बघू?
– सुदामानगर

उत्तर : चकाचक असेल तर जास्त बघ. इंजिन सोड, आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळव, ही गाडी 1985 ते 1996 एवढीच बनली आणि मागणी अजून आहे, त्यामुळे दोन गाड्यांची एक केलेली पण फिरते. नंबरावर ताजा रंग किंवा घासल्याची खूण दिसली की पोहे खाऊन घरी ये. सगळं जुळलं तर थंड इंजिनवर तुझ्या हाताने, म्हणजे पायाने, किक मार. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

प्रश्न : मुलाने कॉलेजच्या गाडीचा सायलेन्सर बदललाय, अख्खी गल्ली उठते. म्हणतो परफॉर्मन्स वाढतो. खरंय का?
– एक आई, रामबाग

उत्तर : नाही वहिनी. चलान वाढतं. जुना सायलेन्सर त्याने विकला नसेल, ही मुलं विकत नाहीत, पलंगाखाली बघा.