घरात कोणी सैन्यात नसताना युद्धात गेलेल्या जवानांची आठवण घरच्या घरी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रत्नागिरीकडचे, घरातून कोणी सैन्यात गेलेलं नाही, तरी दरवर्षी मुलांना घेऊन युद्धात गेलेल्यांसाठी घरात काहीतरी करावं असं तुम्हाला वाटतं. देव्हाऱ्यात फोटो ठेवावा का, तिरंगा लावावा का, आणि आपल्या रक्ताचा नसलेल्या माणसासाठी म्हाळाच्या दिवसांत पान ठेवलं तर चालतं का, या तुमच्या तीन शंका.

जरूर करा. फक्त ‘सगळ्या जवानांसाठी’ असं मोघम करू नका. एक माणूस निवडा. त्याचं पूर्ण नाव, गाव, पलटण आणि तो गेला ती तारीख शोधून काढा आणि त्या एका माणसासाठी करा. सगळ्यांसाठी सरकार करतं, पलटण करते, शाळेतलं झेंडावंदन करतं. घराने एकाला आपलं म्हणावं.

आधी शेवटची शंका, कारण माझ्या मते खरा अडसर तिथेच आहे. परक्यासाठी पाणी सोडायला आपल्याकडे कधीच मनाई नव्हती. माघ शुद्ध अष्टमीला, म्हणजे भीष्माष्टमीला, भीष्मांसाठी तर्पण करतात. ज्याचे वडील हयात आहेत त्यानेही ते करावं असं सांगितलेलं आहे. भीष्म कोणाच्याच घरचे नव्हते. युद्धात पडले, मागे मूलबाळ नाही, म्हणून सगळ्यांनी पाणी द्यायचं. रोजच्या तर्पणातही जे आपले बांधव आहेत आणि जे नाहीत, अशा दोघांसाठी ओंजळ असते. शिवाय पितृपक्षात एक दिवस खास यांचाच आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी, सर्वपित्रीच्या आदला दिवस. पंचांगात त्या दिवसापुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी. विधिवत पिंडदान करायचं असेल तर तुमच्या भटजींना विचारा. पण पान वाढायला, पाणी सोडायला आणि नाव घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

मी हे ठामपणे सांगते, कारण मी हे आजीकडे बघत वाढले. आमचं घर कुडाळकडचं. आजीचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेला आणि तिकडेच पडला. तार आली, राख आली नाही. तिच्या माहेरी पालाशविधी झाला, म्हणजे देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देतात तो. त्याचं श्राद्ध माहेरी व्हायचं. लग्न होऊन आलेल्या बहिणीचा त्यात हात नाही. पण चतुर्दशीला आमच्या घरी म्हाळाचे वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर यांतलं काहीही नसताना आजी पहाटे उठून शिरवाळे करायची. साच्यातून शेवया पाडणं हे दोन माणसांचं, दंडाला रग लागेल असं काम. ती ते एकटीने रेटायची. नारळाच्या रसात गूळ, वेलची. मागील दारी केळीचं पान, त्यावर शिरवाळे, बाजूला तांब्या. मग परड्याकडे तोंड करून, पोरगा शेतात खेळत असेल आणि त्याला जेवायला बोलवायचं असेल तशा आवाजात ती हाक मारायची, “बाबल्या, ये रे! पान वाढलंय. जेवन जा.”

पुढचं मात्र फार कमी घरांत बघायला मिळतं. पानाभोवती पाणी फिरवून झालं की ती त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव आणि त्याचा पलटणीतला नंबर म्हणायची. आजीला अक्षरओळख नव्हती. तो नंबर तिला पाठ होता, कारण मनीऑर्डरीच्या दिवसांत पोस्टमन तो वाचून दाखवायचा. आम्हा मुलांनी तो तिच्या मागून म्हणायचा. मला तो आजही येतो आणि माझ्या मुलीलाही येतो.

नावावर मी इतका भर का देते, त्याला आणखी एक कारण आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या पलटणी अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. उपासमार झाली आणि शेवटी शरणागती. त्या मोहिमेत गेलेल्या आणि कबर न सापडलेल्या माणसांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं. त्यावर ४० हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. पण अधिकारी सोडून बाकीच्या हिंदी शिपायांची नावं त्या भिंतीवर कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली किती गेले तो आकडा, एवढंच. कोकणातली कितीतरी पोरं त्या आकड्यात आहेत. गावच्या जुन्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी दिसते, या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके मेले, अशी. तिच्यावरही बहुधा नावं नसतात. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर मुलांना ती दाखवा आणि त्यातलं एक तरी नाव शोधून काढा. यापेक्षा मोठं काही तुम्ही करू शकाल असं मला वाटत नाही.

नाव शोधायचं कसं? दोन्ही महायुद्धांतल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून तीनचार तऱ्हांनी टाकून बघा. स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर प्रत्येकाचं नाव ग्रॅनाइटच्या स्वतंत्र विटेवर कोरलेलं आहे. तुमच्या तालुक्यातलं कोण, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

नाव मिळेपर्यंत कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर मी नाईक यशवंत घाडगे यांचं नाव सांगेन. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे मेले किंवा जायबंदी झाले. ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला सवड नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर हाणली. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच मोर्च्यात गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. त्यांची कबर नाही, नाव इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोव्याच्या रस्त्याने जाताना मुलांना घेऊन तिथे उतरा. ते इंग्रजांच्या फौजेत लढले, मग आपण का आठवायचं, असं कोणीतरी म्हणेल. पळसगावच्या आईबापांनी जे गमावलं त्यात त्याने काही फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. देव्हाऱ्यात फोटो ठेवू नका. गेलेल्या माणसाची तसबीर आपण देवांत ठेवत नाही, आणि हा देव नाही, माणूस आहे. ओटीवर किंवा पडवीत पाट मांडा, त्यावर स्वच्छ धुतलेलं पांढरं कापड, तसबीर मिळाली तर ती, नाही तर कागदावर सुवाच्य अक्षरात नाव, गाव, पलटण, तारीख. हा कागद मुलांनाच लिहायला लावा. समई किंवा निरांजन, आणि परसातलं जे फूल असेल ते. जुलैत अनंत असतो, डिसेंबरात अबोली. विकतचे हार आणायची गरज नाही. पावसात अंगणातली पणती टिकत नाही, म्हणून तुळशीपाशी काचेचा कंदील लावा.

मग घरातल्या वडील माणसाने गाऱ्हाणं घालावं. गावच्या देवाला घालतो तसंच, आपल्या बोलीत, आणि बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणावं. त्यात त्या माणसाचं नाव यावं, त्याच्या घरच्यांना सुखी ठेव असं यावं. मग पान वाढा. तो काय जेवला असता ते वाढा, तुमच्याकडे भाकरी आणि सुकट असेल तर तेच. पितृपक्षात मात्र शाकाहारी. हे सगळं पाऊण तासाच्या वर लांबवू नका, नाही तर मुलं कंटाळतात आणि पुढच्या वर्षी टाळतात. मोबाईलवर देशभक्तीची गाणी लावू नका, पोरांना खोट्या वर्दीत उभं करू नका. कोणी गेलेलं आहे, त्याची आठवण चाललीये, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

माझी एक मैत्रीण दापोलीकडची, बौद्ध घरातली. त्या भागात पेन्शनर शिपायांच्या पिढ्या राहिल्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. तिच्या घरी मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणतात आणि मग पणजोबांचं नाव घेतात. पान वगैरे काही नसतं. तुमच्या घरची जी रीत असेल तिच्यात हे बसवा.

समुद्रावर गेलेल्यांसाठी किनाऱ्यावर जाणं मला जास्त योग्य वाटतं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाणतीराने, म्हणजे टॉर्पेडोने, ‘आयएनएस खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. व्यापारी जहाजांवरचे खलाशीही विसरू नका. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. अशांसाठी नारळ आणि फुलं घेऊन जाल तेव्हा ओहोटी लागल्यावर जा. भरतीत टाकलेलं सगळं लाटा परत पायाशी आणून टाकतात. फुलांची प्लॅस्टिकची पिशवी घरी परत आणा.

तिरंग्याचं थोडं सांभाळून. तो पाटावर अंथरायचा नाही, तसबिरीवर पांघरायचा नाही, त्यावर काही लिहायचं नाही. २०२२ पासून घरावर दिवसरात्र लावायला परवानगी आहे, पण फाटका किंवा मळका झेंडा लावता येत नाही, आणि आपल्याकडचा जुलैचा वारा कापडाच्या चिंध्या करायला फार वेळ घेत नाही. आपल्या मनाने अर्ध्यावरही उतरवायचा नाही, तो सरकारच्या आदेशाने उतरतो. मला विचाराल तर या दिवशी घरात झेंडा नसला तरी चालेल.

तारखेचं म्हणाल तर २६ जुलै कारगिलचा, सगळ्या देशाचा. तो पाळा, पण तुमच्या माणसाची तारीख वेगळी असेल तर ती सोडू नका. तारीख आणि चतुर्दशी असे वर्षातले दोन दिवस पुरेत.

तुम्ही निवडलेल्या जवानाचं घर जवळपासच असेल, तर घरी काही मांडण्याआधी त्यांना एकदा भेटून सांगा. फोटो त्यांना विचारून घ्या, आणि तो मोबाईलवर सगळीकडे पाठवू नका. २६ जुलैला अशा घरच्या बायकांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देणारे खूप असतात, त्या गर्दीत तुम्ही जाऊ नका. नोव्हेंबरात जा. तेव्हा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हाताऱ्या आईचा ठसा मशीनवर उमटत नाही, बँक तालुक्याला आणि एसटी वेळेवर नाही. तुमच्याकडे गाडी असेल तर त्यांना बसवून न्या, काम होईपर्यंत थांबा आणि परत आणून सोडा.