क्ष-किरण स्रोत पाहायचेत? सुरुवात एचझेड हर्क्युलिसपासून करा

क्ष-किरण आणि गॅमा किरण वातावरणातच अडतात. ते टिपायचं काम स्विफ्ट, फर्मी यांसारख्या उपग्रहांचं. आपण त्याच स्रोतांचा दृश्य प्रकाश मोजायचा. मध्यम दुर्बीण आणि कॅमेरा त्याला पुरतो.

पहिला तारा एचझेड हर्क्युलिसच घ्या, हा माझा आग्रह आहे. इथे एक न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा) जोडीदाराची एक बाजू क्ष-किरणांनी अक्षरशः भाजून काढतो. तापलेली बाजू आपल्याकडे असली की तारा तेराव्या प्रतीच्या आसपास असतो (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद). पाठ फिरली की जवळपास दोन प्रतींनी मंदावतो. सगळा फेरा अवघ्या १.७ दिवसांचा! काही रात्रींची मापनं एकत्र मांडलीत की हा चढउतार आलेखात स्वच्छ उमटतो. याहून सुंदर पहिला धडा मला तरी माहीत नाही.

मग मार्केरियन ४२१. हा ब्लेझार, म्हणजे कृष्णविवरातून निघालेला झोत आपल्याकडे रोखलेली दीर्घिका, कधी भडकेल, नेम नाही. शेजारीच सहाव्या प्रतीचा ५१ अर्सा मेजॉरिस हा तारा आहे, त्याची चमक मापनात घुसते; एक्स्पोजर लहान ठेवा.

तुलनेचे तारे (ज्यांची प्रत आधीच ठाऊक आहे असे) एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या नकाशातूनच घ्या. वेळ जागतिक वेळेत (यूटी) नोंदवा.

आणि स्रोत दिसला नाही, तर 'अमुक प्रतीपेक्षा मंद' अशी नोंद जरूर करा. अशा नोंदी पुढे कामी येतात. व्ही४०४ सिग्नी हा कृष्णविवर आणि तारा यांच्या जोडीचा स्रोत १९८९ नंतर थेट जून २०१५ मध्ये भडकला. त्याच्या साधारण आठवडाभर आधीच तो उजळू लागला होता, हे नंतर आधीच्या प्रतिमा तपासल्यावर कळलं.