कराडहून मुलांना घेऊन कोकणातल्या वेळासला कासवांची पिल्लं बघायला जावं का? आणि इतक्या लांबून आपण कासवांसाठी काय करू शकतो?

जावंच. पण पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचा बेत असेल तर घरीच थांबा.

मी कराडलाच शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये आठवीची मुलं आणि चार-पाच पालक घेऊन कुंभार्ली घाटातून वेळासला गेले होते. सकाळी सातला हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावर अंडी जपतात त्या कुंपणात, गावातल्या एका कार्यकर्त्यानं पहिल्या घरट्यावरची टोपली उचलली. वाळू जशीच्या तशी. दुसरीखाली मात्र अकरा पिल्लं! काळपट, वाळूनं माखलेली, एकमेकांच्या पाठीवर चढणारी. दोरीच्या पलीकडे ती पाण्याकडे निघाली. लाट त्यांना उलटं करून मागे टाकायची, ती सरळ होऊन पुन्हा चालू लागायची. माझी दंगेखोर पोरं चिडीचूप बसली होती.

तेवढ्यात एक पालक दोरीखालून आत गेले, एक पिल्लू उचलून आपल्या मुलाच्या तळहातावर ठेवलं आणि मोबाइल काढला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "आधी खाली ठेवा ते!" ते म्हणाले, "बाई, पाण्यातच सोडायचंय ना? आम्ही सोडतो की. तेवढीच त्याची पायपीट वाचेल." परतल्यावर शाळेत माझी तक्रार झाली आणि सहल कायमची बंद पडली.

तेव्हा रागात सांगता आलं नाही, ते आज सांगते. ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवाची मादी रात्री येते, दीडेक फूट खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करून निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. दीड-दोन महिन्यांनी निघालेल्या पिल्लाजवळ अंड्यातल्या बलकाची थोडीशी शिदोरी असते, तिच्यावरच त्याला खोल समुद्र गाठायचा असतो. ती आपल्या फोटोपायी का संपवायची? शिवाय या वाळूवरून जातानाच त्याला किनाऱ्याची ओळख पटते, असं अभ्यासक मानतात. कायद्यानं वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यालाही आहे.

वेळासला २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं काम सुरू केलं, त्याआधी तिथे अंडी उकरून नेली जायची. आज तेच गाव घरट्यांची राखण करतं आणि कासव महोत्सवाच्या पाहुण्यांना घरात उतरवून घेतं. माणसं समजावल्यानं बदलतात. म्हणून सहल बंद करणं चूकच होतं. त्या पालकांना पुढच्या वर्षी मी मुद्दाम पुन्हा नेलं असतं.

लांबून काय करायचं? प्रीतिसंगमावर, म्हणजे कराडच्या कृष्णा-कोयनेच्या संगमावर, निर्माल्य पिशवीसकट टाकू नका. आपली कृष्णा आंध्रात हंसलदीवीला समुद्राला मिळते आणि त्या किनाऱ्यावरही रिडले अंडी घालतात. कोयना धरणातलं वीजनिर्मितीचं पाणी तर वाशिष्ठीतून कोकणातच उतरतं. सगळं प्लास्टिक तिथवर जात नाही, बरंचसं वाटेत धरण-बंधाऱ्यांत अडकतं, हे मान्य. पण तिथेही ते कुणाच्या तरी पोटात जातंच.

आणि हो, पिल्लं ठरल्या दिवशी निघत नाहीत. गावात आधी फोन करून विचारा आणि दोन मुक्काम तरी ठेवा. आम्हाला पहिल्या संध्याकाळी एकही दिसलं नव्हतं.