नव्या सेक्रेटरीला, जुन्या सेक्रेटरीकडून

सोसायटीचा सेक्रेटरी झालास, अभिनंदन. आता जिन्यात, लिफ्टमध्ये, गेटवर, जिथे गाठतील तिथे लोक तुला तक्रारी सांगतील. ऐकून घे, पण तिथल्या तिथे ‘बघतो’ म्हणू नकोस. लोकांच्या लेखी ‘बघतो’ म्हणजे ‘करतो’. लिहून द्या म्हण आणि एक वही ठेव: तारीख, फ्लॅट, तक्रार, काय केलं.

गळतीचं प्रकरण आलं की वरच्या मजल्यावाल्याला लगेच दोषी धरू नकोस. माझी त्यात चांगलीच फजिती झाली आहे. छताला ओल दिसली, मी वरच्यांना बाथरूमच्या फरश्या फोडायला लावल्या, आणि पाणी मुरत होतं बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून! तेव्हापासून आधी दोन गोष्टी विचारतो. ओल बारमाही आहे की पावसातच वाढते? वरच्या बाथरूमचा वापर दोन-तीन दिवस बंद ठेवला तर ठिबकणं थांबतं का? प्लंबर त्यानंतर.

मोठ्या कामाला तीन कोटेशन घे आणि तिन्ही सभेपुढे ठेव. दुरुस्ती निधीतून रोजचे खर्च भागवायचा मोह होईल, तेवढं टाळ. सभेचं इतिवृत्त त्याच आठवड्यात लिही, महिन्याने ज्याला त्याला सोयीचं तेवढंच आठवतं.

पार्किंगचा नियम आधी कमिटीच्या गाड्यांना लाव.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरा उत्तरं देऊ नकोस. मी दिली आहेत. सकाळी वाचून मलाच कसंतरी झालं.